दक्षिणेपासून पैसा फंडापर्यंत

काशीच्या राजा घाटाचे जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव यांनी १८०३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी समझोता करून वर्षाला सात लाख रुपयांची नेमणूक पदरात घेतली आणि पुढे ते काशीला राहिले. तिथे त्यांनी घाट बांधला, देवळे उभारली, अन्नछत्र चालवले. या दानात परतफेडीचा प्रश्नच नव्हता. जेवून उठलेल्याने पुढे काय केले, हे दात्याने विचारायचे नसते.

मराठी मुलखात मात्र दानाची दुसरी एक शाखा होती, ती विचारत असे. सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावला श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटत. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि ही प्रथा पेशव्यांनी पुण्याला नेली. शास्त्रीपंडितांची परीक्षा होई आणि विद्येप्रमाणे रक्कम ठरे. पुढेपुढे रमण्यात, म्हणजे दक्षिणा वाटायच्या आवारात, गर्दी वाढली आणि परीक्षा मागे पडली. पैसा तोच राहिला, पण त्याची अट ढिली झाली.

पेशवाई गेल्यावर एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्यातल्या काही रकमेतून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादी आणि त्यांच्या सोबत्यांनी सरकारकडे अर्ज केला: हा पैसा मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांनाही द्या. शास्त्रीमंडळी खवळली, तरी दक्षिणा प्राइज कमिटी झालीच. आता पैसा जात पाहून नव्हे, हातात पडलेले काम पाहून मिळू लागला.

विद्येनंतर पाळी आली कारागिरीची. १८९० मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात औद्योगिक परिषद भरवली. उद्योगाला भांडवल कुठून आणायचे, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. अंताजी दामोदर काळे यांचे उत्तर साधे होते: प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा. त्या वेळी रुपयाचे ६४ पैसे होते, म्हणजे एका रुपयाला ६४ दाते. काळे गावोगाव हिंडले, टिळकांनी पाठिंबा दिला, आणि १९०८ मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला तो दक्षिणेच्या जन्मगावी, तळेगाव दाभाड्याला.

पैसा देशी असला तरी भट्टीची विद्या बाहेरूनच आणावी लागणार होती. ती आणली जपान आणि अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी. पण कारखान्याचे खरे उत्पादन बांगड्या-चिमण्यांपेक्षा माणसे हेच होते. इथे मुले काच करायला शिकली आणि बाहेर पडून ठिकठिकाणच्या भट्ट्यांवर उभी राहिली. खाजगी मालकाने असे शिकाऊ म्हणजे उद्याचे प्रतिस्पर्धी मानले असते. फंडाच्या लेखी ते फळ होते. त्याच पिढीत, १९१६ मध्ये, औंध संस्थानात ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे घरोघरी गेला.

समुद्रापलीकडे उद्योगाच्या भांडवलाचा हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. १९४६ मध्ये जॉर्ज डोरिओ यांनी बोस्टनला जोखीम भांडवलाची संस्था काढली. १९५७ मध्ये तिने डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घालून ७० टक्के हिस्सा घेतला. दहाएक वर्षांत त्याचे कोट्यवधी डॉलर झाले. दहा बुडाले तरी एकाने भरून काढावे, हे या धंद्याचे गणित तिथे पक्के झाले. धाडसाला पैसा मिळतो तो असा. पण ज्या शोधाचा फायदा सगळ्यांना आणि नफा कोणालाच नाही, तो या गणितात बसत नाही.

म्हणून आजही नफा शोधणारे भांडवल आणि परीक्षा घेणारे दान, दोन्ही लागतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर नवे उद्योजक घडवते आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्यातला सामाजिक वाटाही अशा केंद्रांकडे वळवायची वाट मोकळी केली. या पैशाला परीक्षा हवी, नाहीतर त्याचा रमणा होतो. आणि परीक्षेत एक प्रश्न पैसा फंडाचा असावा: ज्याला पैसा दिला तो उद्या बुडाला, तर त्याने कमावलेली विद्या कोणाच्या हाती उरेल?