कोल्हारच्या अंगणातून खगोलभौतिकी: पहिल्या अभ्यासक्रमात नेमकं काय शिकवतात?

‘आज रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार’ हा मेसेज ऑगस्ट आला की व्हॉट्सॲपवर फिरू लागतो. तो खरा की खोटा, हे एका भागाकारात कळतं.

27 ऑगस्ट 2003 रोजी मंगळ पृथ्वीच्या फार जवळ, म्हणजे सुमारे 5.58 कोटी किलोमीटरवर आला होता. त्याचा व्यास 6,779 किलोमीटर. व्यासाला अंतराने भागून 2,06,265 ने गुणलं की तो आकाशात किती मोठा दिसतो, हे विकलांमध्ये मिळतं (1 अंश म्हणजे 3,600 विकला). मंगळाचं उत्तर येतं 25 विकला. चंद्राचं येतं सुमारे 1,860 विकला. म्हणजे इतक्या जवळ येऊनही मंगळ चंद्रापेक्षा जवळपास 74 पट लहान दिसत होता.

विद्यापीठात खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचा पहिला अभ्यासक्रम सुरू होतो तो अशाच हिशेबांनी. आकाशातली वस्तू हातात घेता येत नाही. तिथून येतो तो मुख्यतः प्रकाश. त्यावरून अंतर, तापमान आणि वस्तुमान कसं काढायचं, हा या विषयाचा गाभा आहे.

पहिला धडा: काठी आणि कोनमापक

प्रवरेकाठचं कोल्हार नगर-मनमाड रस्त्यावर, सुमारे 19.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे तिथे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून साधारण 19.5 अंश उंच दिसतो. कोनमापकाला दोरा आणि वजन बांधून ही उंची कोणालाही मोजता येते. ध्रुवतारा अचूक ध्रुवबिंदूवर नाही, त्यामुळे उत्तरात पाऊण अंशापर्यंत फरक पडू शकतो. हाताने मोजताना होणारी चूक त्याशिवाय. मोजमापाबरोबर त्यातली संभाव्य चूकही लिहायची, ही सवय अभ्यासक्रमात सुरुवातीलाच लावली जाते.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकेक दिवस असा येतो, की भरदुपारी कोल्हारमध्ये सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. पण तेव्हा घड्याळात बारा वाजलेले नसतात. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावर ठरते आणि कोल्हार सुमारे 74.5 अंशांवर आहे. आठ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे 32 मिनिटं. पृथ्वीची कक्षा आणि कललेला अक्ष यांमुळे त्यात थोडी आणखी भर किंवा घट होते. म्हणून मे महिन्यात हा क्षण साडेबाराच्या किंचित आधी येतो, तर जुलैत साडेबारा उलटून काही मिनिटांनी.

अंतर आणि तेज

हाताच्या अंतरावर बोट धरून एकेक डोळा आळीपाळीने मिटला, तर बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसतं. पृथ्वी सहा महिन्यांत सूर्याच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा जवळचे तारेही असेच किंचित सरकलेले दिसतात. या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. एकाला विकलांमधल्या पराशयाने भागलं की पार्सेकमध्ये अंतर मिळतं. सूर्याच्या सर्वांत जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी. त्याचा पराशय 0.77 विकला आहे, म्हणजे अंतर 1.3 पार्सेक, सुमारे 4.24 प्रकाशवर्षं.

दुसरं सूत्र प्रकाशाचं. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौपट कमी पोचतो. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर दर चौरस मीटरवर सूर्याची सुमारे 1,361 वॅट ऊर्जा पडते. 15 कोटी किलोमीटर त्रिज्येच्या गोलाच्या क्षेत्रफळाने या आकड्याला गुणलं की सूर्याची एकूण शक्ती मिळते: 38 वर 25 शून्यं इतके वॅट. सूर्यापर्यंत न जाता काढलेला हा आकडा आहे.

खोडदच्या तबकड्यांचं गणित

कोल्हारपासून सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडदला जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभारलेल्या या दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत आणि त्या सुमारे 25 किलोमीटर परिसरात पसरलेल्या आहेत.

इतक्या लांब का पसरवल्या? उत्तर पुन्हा भागाकारात आहे. हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरीची लांबी 21 सेंटिमीटर असते. तिला 45 मीटरने भागलं तर एका तबकडीला दिसणारा सर्वांत बारीक तपशील मिळतो. तो चंद्राच्या जवळपास निम्म्या आकाराचा येतो. पण 25 किलोमीटरने भागलं तर तोच तपशील दोन विकलांच्या आत येतो. सगळ्या तबकड्यांचे संदेश एकत्र जोडले की हा बारीकपणा साधतो.

शिकायचं कुठे?

बारावीचं भौतिकशास्त्र आणि त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, थोडं कलन एवढी तयारी असली की विषयात शिरता येतं. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात ‘आयुका’ आहे. डॉ. जयंत नारळीकर या संस्थेचे संस्थापक संचालक. पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी तिथे उन्हाळ्याच्या सुट्टीत खगोलशास्त्राची परिचयात्मक शाळा भरते. रेडिओ खगोलशास्त्राची हिवाळी शाळा आयुका आणि एनसीआरए मिळून घेतात. संशोधनाकडे वळायचं असेल, तर सहसा भौतिकशास्त्रातली पदवी आणि राष्ट्रीय पातळीवरच्या प्रवेश परीक्षा हा मार्ग असतो. खोडदला राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, म्हणजे 28 फेब्रुवारीच्या सुमारास, विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळकरी मुलांना ही दुर्बीण पाहण्याची ती चांगली संधी.

अभ्यासक्रम संपला की सगळेच काही खगोलशास्त्रज्ञ होत नाहीत. पण पुढच्या ऑगस्टमध्ये मंगळाचा तो मेसेज आला, तर पुढे पाठवण्याआधी एक भागाकार करून पाहण्याची सवय मात्र राहते.