सातबारा : दोन नमुन्यांच्या जोडणीची कुळकथा

सातबारा हा दोन आकड्यांपासून झालेला शब्द आहे. महसूल खात्याच्या गाव नमुन्यांना १ ते २१ असे क्रमांक आहेत. त्यांतला सातवा नमुना अधिकार अभिलेख पत्रकाचा आणि बारावा पिकांच्या नोंदवहीचा. जमीन कोणाची, किती, कोणत्या धारणेची आणि तिच्यावर कोणाचा बोजा हे सातव्यात असते. त्या जमिनीत कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात काय पिकले हे बाराव्यात. दोन्ही नमुने एकाच गट क्रमांकाने बांधलेले असल्यामुळे वर सात आणि खाली बारा असे एकाच कागदावर आले, आणि त्या कागदाला लोकांनी सातबारा म्हटले. रिलेशनल डेटाबेसमध्ये दोन टेबले सामाईक रकान्याने जोडण्याला जॉइन म्हणतात. सातबारा हा असा एक जॉइन आहे, आणि तो संगणकाच्या पुष्कळ आधीचा आहे. डेटाबेस हाताळण्यासाठी पडद्यावरचे चित्रमय साधन निवडताना काय पाहावे, हे या कागदाच्या कुळकथेतून चांगले उलगडते.

चौसाळ्याची दप्तरे

ही कुळकथा एका गावापासून पाहू. बीड तालुक्यातील चौसाळा हे बालाघाटाच्या पठारावरचे, धुळे–सोलापूर महामार्गावरचे मोठे गाव. या भागातल्या जमिनीची नोंद वेगवेगळ्या राजवटींच्या दप्तरांतून पुढे आली आहे. अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबराने (मृत्यू १६२६) जमिनीची प्रत आणि उत्पन्न पाहून सारा ठरवण्याची पद्धत बसवली. पुढे मोगल अमलात औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मुर्शिद कुली खानाने अकबराच्या काळातल्या तोडरमलाच्या धर्तीवर मोजणी आणि आकारणी केली.

त्यानंतर हा मुलूख हैदराबादच्या निजामाकडे राहिला. पहिला सालारजंग १८५३ ते १८८३ या काळात दिवाण होता. त्याने १८६५ मध्ये जिलाबंदी करून राज्याचे जिल्हे आखले आणि महसुलाचा कारभार पगारी अधिकाऱ्यांकडे सोपवला. दप्तराची भाषा आधी फारसी होती, नंतर उर्दू झाली. गावपातळीवर मोडी चालू राहिली. गावचा हिशेब पटवारी ठेवी. १३१७ फसली, म्हणजे सुमारे १९०७ साली, हैदराबादचा जमीन महसूल कायदा झाला. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर लगेच, १३५८ फसलीत, अधिकार अभिलेखाचे विनियम आले. १९५० मध्ये कूळकायदा झाला आणि १९५४-५५ मध्ये खासरा पाहणी पत्रक तयार झाले. जमीन प्रत्यक्ष कोणाच्या वहिवाटीत आहे हे त्यात असल्यामुळे मराठवाड्यात वारसा आणि कूळहक्काच्या वादांत आजही हे पत्रक काढून पाहिले जाते.

सात आणि बारा हे क्रमांक मात्र मुंबई इलाख्याकडचे. तिथे गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मोजणीची घडी बसवली. एकेका शेताला सर्व्हे नंबर मिळाला आणि सारा त्या नंबरावर बसू लागला. १८७९ मध्ये जमीन महसूल संहिता झाली. १९०३ मध्ये अधिकार अभिलेखाचा स्वतंत्र कायदा आला आणि १९१३ मध्ये तो त्याच संहितेत सामावला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली आणि १९७१ च्या नियमांनी अधिकार अभिलेख व नोंदवह्यांचे नमुने राज्यभर एकसारखे केले. अशा रीतीने पटवाऱ्याच्या पाहणी पत्रकाची जागा चौसाळ्यात सातबाऱ्याने घेतली.

नमुन्यांमधले धागे

एकवीस नमुन्यांची रचना एका साध्या नियमावर उभी आहे : एका नमुन्याने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे. नमुना १ मध्ये गावातल्या सगळ्या जमिनीचे क्षेत्र आणि आकार. नमुना ६ मध्ये हक्कातले बदल, म्हणजे फेरफार. नमुना ८-अ मध्ये एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन. नमुना २० तर टपाल तिकिटांच्या हिशेबासाठी आहे. एकाची माहिती दुसऱ्यात लागली, तर क्रमांकाचा हवाला द्यायचा.

समजा, एका गटाचे तीन वारस सामाईक मालक आहेत आणि त्यांतल्या एकाच्या नावे आणखी दोन गट आहेत. एका गटाला अनेक मालक, एका मालकाला अनेक गट. ही गुंतागुंत खाते क्रमांकाने सुटते : सातव्यावर मालकाच्या नावाशी खाते क्रमांक आणि ८-अ वर त्या खात्याखाली गटांची यादी. बाराव्याचे नाते याहून सरळ आहे : गट एक आणि त्याच्याखाली दर हंगामाची वेगळी ओळ.

गट क्रमांक हा या सगळ्याचा कणा. तो हलला की सगळे नमुने हलतात, याचा अनुभव राज्याने घेतला आहे. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली जिथे योजना झाली, तिथे जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले. जुना नंबर कोणत्या गटात गेला हे कळल्याशिवाय त्या गावातली एकत्रीकरणापूर्वीची नोंद आजच्या सातबाऱ्याशी जोडताच येत नाही.

या रचनेतला दुसरा मोठा विचार फेरफाराचा. खरेदीखत झाले किंवा खातेदार वारला, तरी तलाठी थेट सातव्यावर नाव बदलत नाही. नोंद आधी सहाव्या नमुन्यात होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मगच सातबारा बदलतो. तेव्हाही जुने नाव खोडले जात नाही. त्याला कंस होतो आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो. त्या क्रमांकाच्या आधारे मागे मागे जात जमिनीचा सगळा वंश वाचता येतो. अभिलेखातली नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे संहितेचे कलम १५७ सांगते. तो विश्वास या शिस्तीवर उभा आहे.

टेबल आणि खिडकी

संगणकाला ही रचना १९७० मध्ये मिळाली. तोवरच्या डेटाबेसमध्ये नोंद कुठे ठेवली आहे त्याची वाट प्रोग्रॅमला ठाऊक असावी लागे. दप्तरखान्यात कोणता रुमाल कोणत्या फळीवर आहे हे जुन्या कारकुनालाच माहीत असावे, तसा प्रकार. आयबीएममधले गणितज्ञ एडगर कॉड यांनी जून १९७० च्या निबंधात मांडले की माहिती टेबलांत ठेवावी आणि टेबले एकमेकांशी जागेने न जोडता मूल्याने जोडावीत. गट क्रमांक हे असेच मूल्य. वही कुठल्याही फळीवर असो, क्रमांक जुळला की नोंद जुळली. ज्या रकान्याने ओळ ओळखली जाते ती प्रायमरी की, आणि दुसऱ्या टेबलातून तिचा हवाला देणारा रकाना म्हणजे फॉरेन की.

१९७४ मध्ये आयबीएमच्याच चेंबरलिन आणि बॉइस यांनी पुढे एसक्यूएल झालेली भाषा मांडली. ती लिहून वापरायची होती. तिथल्याच मोशे झ्लूफ यांनी १९७५ मध्ये वेगळा मार्ग दाखवला : पडद्यावर रिकामे टेबल यावे, विचारणाऱ्याने हव्या त्या रकान्यात उदाहरण भरावे आणि उत्तर त्याच आकारात मिळावे. रकाने भरता येणाऱ्या कोणालाही ते जमेल, हा त्यामागचा विश्वास. पुढच्या चित्रमय साधनांची ही पहिली पिढी. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी वस्तू आणि त्यांचे संबंध आकृतीत दाखवण्याची रीत दिली. १९९२ च्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये दोन्ही धागे एकत्र आले : रिकामे टेबल भरून प्रश्न विचारणे आणि टेबलांमध्ये रेघ ओढून नाते दाखवणे. १९९८ मध्ये आलेल्या पीएचपीमायअ‍ॅडमिनने हे काम ब्राउझरमध्ये आणले. पोस्टग्रेससाठी पीजीअ‍ॅडमिन, मायएसक्यूएलसाठी वर्कबेंच आणि अनेक डेटाबेसांना चालणारे डीबीव्हर ही त्याच घराण्यातली पुढची साधने.

संगणकावर आलेला सातबारा

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली, तेव्हा निवडलेल्या आठ जिल्ह्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता. २००८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाने या कामाला पुन्हा गती दिली. हस्तलिखित वह्या टेबलांत उतरवताना वह्यांमधले जुने मतभेद उघडे पडले. सातव्यावरच्या क्षेत्रांची बेरीज नमुना १ शी जुळत नव्हती, खात्यावर असलेला गट सातव्यावर नव्हता, एकाच माणसाची दोन खाती होती. म्हणून संगणकीकृत उतारे गावोगाव चावडीवर वाचून ताडले गेले आणि लेखनदोषांची दुरुस्ती संहितेच्या कलम १५५ खाली झाली. १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. २०२० मध्ये मंजूर झालेल्या सुधारित नमुन्यात गावाच्या नावासोबत गावाचा संकेतांक आला आणि खाते क्रमांक थेट खातेदाराच्या नावाशी आला. म्हणजे दोन्ही किल्ल्या उघडपणे कागदावर उमटल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी बाराव्या नमुन्याची नोंद स्वतः मोबाइलवरून करू लागला. चौसाळ्याचा शेतकरी सोयाबीन किंवा तुरीची नोंद करण्यासाठी ज्या पडद्यावर बोट ठेवतो, तोही अशा टेबलाची एक खिडकी आहे.

साधन निवडण्याचे निकष

एखादी पतसंस्था, बाजार समिती, शाळा किंवा साखर कारखाना आपल्या डेटाबेससाठी चित्रमय साधन निवडताना गाव नमुन्यांचे हेच दंडक लावू शकतो.

पहिला दंडक नात्यांचा. टेबलातल्या ओळी दाखवणे सगळ्याच साधनांना जमते. फॉरेन कीवर क्लिक केल्यावर जोडलेल्या टेबलातली नेमकी ओळ उघडते का आणि सगळ्या टेबलांचा आराखडा साधन आपोआप काढून देते का, हे तपासावे. सातव्यावरून ८-अ वर जाता येत नसेल, तर उतारा अर्धाच कळतो.

दुसरा दंडक फेरफाराचा. काही साधनांत टेबलाच्या चौकटीत केलेला बदल लगेच कायम होतो. काहींत तो ट्रान्झॅक्शनमध्ये राहतो आणि कमिट केल्यावरच पक्का होतो, चुकल्यास रोलबॅक करता येतो. चालू कारभाराच्या डेटाबेसवर दुसरी पद्धत ठेवावी. ती बहुधा सेटिंगमध्ये मुद्दाम निवडावी लागते. जुने मूल्य, नवे मूल्य, बदलणारा आणि वेळ यांची नोंद मात्र कोणतेही साधन आपणहून ठेवत नाही. त्यासाठी डेटाबेसमध्येच सहाव्या नमुन्यासारखे वेगळे टेबल करावे लागते.

तिसरा दंडक अधिकाराचा. तलाठ्याने लिहायचे आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचे, ही विभागणी डेटाबेसमध्ये लॉगिनच्या हक्कांनी होते. फक्त पाहणाऱ्याला फक्त वाचण्याचा हक्क असलेले लॉगिन द्यावे. ब्राउझरमधले साधन सोयीचे असते, पण ते इंटरनेटवर उघडे ठेवले तर जगातला कोणीही पासवर्ड अजमावू शकतो. ते संस्थेच्या अंतर्गत नेटवर्कपुरते ठेवावे किंवा संगणकावर बसवलेले साधन एसएसएचच्या सुरक्षित मार्गाने सर्व्हरला जोडावे.

चौथा दंडक लिपीचा. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते. साधन, जोडणी आणि डेटाबेस या तिन्हींचे संकेतन एकच नसेल तर नावांची अक्षरे फुटतात. क्रमवारीही तपासावी. युनिकोडच्या नुसत्या अनुक्रमात 'ळ' हा 'ल' नंतर लगेच येतो आणि 'क्ष' 'क'मध्ये मोडतो. मराठी वर्णमालेत 'ळ' 'ह' नंतर आणि 'क्ष', 'ज्ञ' शेवटी. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या युनिकोड संग्रहातली मराठी क्रमवारी निवडता येते. साधनाने असा पर्याय समोर दाखवावा.

पाचवा दंडक डेटाबेसच्या जातीचा. संस्थेत एकाच प्रकारचा सर्व्हर असेल तर त्याच्यासाठीच केलेले साधन त्याच्या खुबी अधिक नेमक्या दाखवते. जुने मायएसक्यूएल आणि नवे पोस्टग्रेस शेजारी शेजारी चालत असतील तर दोन्हींना पुरणारे साधन घ्यावे. पीजीअ‍ॅडमिन, पीएचपीमायअ‍ॅडमिन आणि डीबीव्हरची सामुदायिक आवृत्ती मुक्त परवान्याची असल्यामुळे पैसे न घालता पडताळता येतात.

पडताळणीसाठी गाव, गट, खाते, पीक आणि फेरफार अशी पाच टेबले करून त्यांत वीस-पंचवीस काल्पनिक नोंदी भराव्यात. मग प्रत्येक साधनात तीच पाच कामे करून पाहावीत : एका गटाचा सातबारा जोडून दाखवणे, एका खात्याचे सगळे गट काढणे, वारसाची नोंद करून ती कमिट होण्याआधी मागे घेणे, वाचण्यापुरत्या लॉगिनने बदल करू पाहणे आणि तो नाकारला जातो का हे बघणे, खातेदारांची यादी मराठी वर्णक्रमाने फाइलमध्ये उतरवून पुन्हा उघडणे. जे साधन ही पाचही कामे आडकाठी न येता करू देते आणि ज्याच्या पडद्यावर गट क्रमांकाचा धागा शेवटपर्यंत डोळ्यांना दिसत राहतो, ते त्या संस्थेच्या कामाचे.