नदी आटली, टाकीत उरले तीन नर! चिलापीच्या कुळातल्या मादागास्करच्या माशाची गोष्ट

उजनीकाठच्या माणसाला चिलापी काय असते ते सांगावं लागत नाही. जाळं टाकलं की आधी तीच लागते. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, सिक्लिड नावाच्या मोठ्या कुळातला. कोकण-गोव्याच्या खाडीत मिळणारी कालुंदर पण त्याच कुळातली, पण ती अस्सल इथलीच. गंमत म्हणजे कालुंदरीचे सगळ्यात जवळचे भाऊबंद मादागास्कर बेटावर सापडतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत आणि मादागास्कर एकाच भूखंडाचा भाग होते.

याच बेटाच्या उत्तर भागात मंगाराहारा नावाची नदी आहे. तिथला एक सिक्लिड मासा जगात दुसरीकडे कुठेच नाही. शास्त्रज्ञांनी २००६ साली त्याला टायकोक्रोमिस इन्सोलिटस असं नाव दिलं. इन्सोलिटस म्हणजे लॅटिन भाषेत 'वेगळाच'. आययूसीएनच्या लाल यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या अगदी अलीकडची पायरी.

ही वेळ का आली? डोंगरावरची झाडं तुटली, माती नदीत आली. त्यात प्रवाह अडवून पाणी भातखाचरांकडे वळवलं गेलं. आता तिथल्या शेतकऱ्याला तरी नावं कशी ठेवायची? तिथं माणसं तिन्ही वेळा भात खातात. पाणी पाटाला सोडायचं की नदीत ठेवायचं, हा वाद आपल्याकडेही दर उन्हाळ्यात होतोच की. पण माशाला दुसरी नदीच नव्हती. पात्र कोरडं पडत गेलं, तसा तो संपत गेला.

मे २०१३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने जगभर आवाहन केलं: कुणाकडे या माशाची मादी आहे का? त्यांच्याकडे दोन मासे होते, बर्लिनमध्ये एक होता, आणि तिन्ही नर! बर्लिनमध्ये आधी एक मादी होती. जोडी लावायला गेले तर नरानेच तिला मारलं. सिक्लिड नर आपल्या जागेसाठी फार भांडकुदळ असतात. नदीत मादीला पळून जाता येतं, काचेच्या टाकीत पळणार कुठे? याच कुळाचा दुसरा गुण मात्र उलटा. बहुतेक मासे अंडी टाकून निघून जातात, सिक्लिड मात्र अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. चिलापीची मादी तर अंडी तोंडातच धरून ठेवते.

आवाहन वाचून मादागास्करमधल्याच एका व्यावसायिकाने मासा ओळखला आणि तसं कळवलं. मग शोधपथक गेलं. नदीचा बराचसा भाग वाळवंटासारखा झालेला, त्यामुळे कुणाला फारशी आशा नव्हती. सुरुवातीचे काही दिवस हाती काहीच लागलं नाही. गावकरी सोबतीला होते. अखेर मूळ नदीपासून तुटलेल्या एका छोट्या पाण्यात मासे मिळाले. त्यातले १८ मासे पैदाशीसाठी मादागास्करमधल्याच एका मत्स्यपालन केंद्रात हलवण्यात आले. डिसेंबर २०१३ मध्ये ही बातमी जगभर छापून आली.

सगळ्यांचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. याच माशाचा एक सख्खा भाऊ मादागास्करच्या ओनिलाही नदीत होता. तो आता संपला असंच मानलं जातं.

पाण्याइतकाच दुसरा त्रास बाहेरून आणलेल्या माशांचा. ते देशी माशांची जागा घेतात, त्यांचं खाद्य आणि पिल्लंही खातात. मादागास्करमध्ये असे बरेच मासे सोडले गेले आणि त्यांत तिलापिया, म्हणजे आपली चिलापीही आहे. तिथल्या गोड्या पाण्याच्या मासळीबाजारात आज जास्त करून तीच दिसते.