एकच साल, एकच रस्ता

गाडीमागं चाकांवरचं घर जोडायचं आणि देशभर फिरायचं. जिथं रात्र होईल तिथं मुक्काम. अमेरिकेत ही मोकळेपणाची खूण मानतात. पण हा मोकळेपणा कुणाचा होता?

१९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा इथं अशा भटक्यांची 'टिन कॅन टुरिस्ट्स' ही संघटना उभी राहिली. १९३६ साली वॉली बायम यांची 'एअरस्ट्रीम क्लिपर' आली. चकचकीत ॲल्युमिनियमचं अंग, आत चौघांची झोपायची सोय, किंमत १२०० डॉलर.

आता हे बघा. त्याच १९३६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेममधले पोस्टमन व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी 'ग्रीन बुक' काढलं. कृष्णवर्णीय प्रवाशाला खोली कुठं मिळेल, जेवण कुठं, पेट्रोल कुठं, याची यादी. खिशात पैसे असले तरी हॉटेलवाला दार उघडेलच असं नव्हतं. काही गावांतून तर दिवस मावळायच्या आत बाहेर पडावं लागायचं. घर मागं जोडलं तरी ते उभं करायला जागा लागते, पाणी लागतं. तेही दुसऱ्याच्या मर्जीवर.

या पुस्तकाची गरजच उरू नये, अशी ग्रीन यांची इच्छा होती. ते १९६० साली वारले. हॉटेल-खाणावळींतला भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा आला १९६४ साली. १९६६-६७ ची आवृत्ती शेवटची ठरली.

नवा महामार्ग झाला की आपण किलोमीटर मोजतो. त्या रस्त्यावर रात्री खोली कुणाला नाकारली जाते, तेही मोजा की!