बोनाम्पाक : भिंत आणि तिच्या प्रती

मेक्सिकोतील चियापासच्या जंगलात बोनाम्पाक नावाचे एक लहानसे माया नगर आहे. तेथील एका वास्तूची तीन दालने इसवी सन ७९० च्या सुमारास तळापासून छतापर्यंत चित्रांनी भरली गेली : दरबार आणि वादक, मग लढाई, मग नृत्य व रक्तार्पण. १९४६ साली जाइल्स हीली या छायाचित्रकाराला लाकान्दोन माया लोकांनी तेथे नेले. याला ‘शोध’ म्हणण्याची प्रथा आहे. वाट दाखवणाऱ्यांना ती वास्तू आधीच ठाऊक होती, एवढे आम्ही जाता जाता नोंदवतो.

चित्रांवर चुन्याचा पांढुरका थर साचला होता. त्यानेच रंग राखले आणि त्यानेच ते झाकले. तेव्हा भिंतीवर चक्क रॉकेल फासण्यात आले. थर घटकाभर पारदर्शक होई, आणि तेवढ्यात दिसेल ते टिपून घ्यायचे. ग्वाटेमालाचे अंतोनियो तेहेदा आणि मेक्सिकोचे आगुस्तिन व्हियाग्रा यांच्या प्रती अशा सिद्ध झाल्या. त्या एकमेकींशी सर्वत्र जुळत नाहीत, हे ओघानेच आले. तरीही पुढची कित्येक वर्षे बहुतेक अभ्यासकांनी वाचल्या त्या या प्रतीच. भिंत फार थोड्यांनी पाहिली.

आणि जे दिसले तेही सहज पचले नाही. माया म्हणजे शांतताप्रिय, तारे मोजणारे पुरोहित, ही एरिक थॉम्प्सन यांच्यासारख्यांनी रुजवलेली समजूत होती. दुसऱ्या दालनात तर कैद्यांच्या बोटांतून रक्त ठिबकते आहे! या चित्रांवरचा १९५५ चा ग्रंथ लिहिणाऱ्यांत थॉम्प्सन स्वतः होते, तात्याना प्रोस्कूरियाकोव्हही होत्या. शिलालेखांत हाडामांसाच्या राजांचा इतिहास कोरलेला आहे, हे त्यांनी १९६० मध्ये दाखवले, तेव्हा कुठे ती समजूत डळमळली.

१९८० च्या दशकात मेक्सिकोच्या जतनकारांनी थर काढला. १९९६ मध्ये मेरी मिलर यांच्या येल विद्यापीठातील प्रकल्पाने अवरक्त छायाचित्रे घेतली आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या काळ्या रेषा उजळल्या. त्यांच्या आधारे हेदर हर्स्ट व लिओनार्ड अ‍ॅशबी यांनी केलेली नवी पुनर्रचना २००२ मध्ये पूर्ण झाली. ती देखणी आहे. मात्र तीत पाहिलेली रेषा आणि तर्काने भरलेली रेषा सारख्याच ठामपणे उमटतात, हे आम्हाला खटकते. एका बाबतीत मात्र तर्काचे काही चालत नाही. मूळ भिंतीवर अनेक व्यक्तींच्या शेजारी नावासाठी चौकटी आखल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी रंगाऱ्यांनीच कोऱ्या सोडल्या आहेत.