सुईण

प्रसूती करणारी आणि बाळबाळंतिणीची शुश्रूषा करणारी परंपरागत जाणकार स्त्री. तिला दाई असेही म्हणतात. ही विद्या आईकडून मुलीकडे वा सासूकडून सुनेकडे अनुभवाने जात असे. खानदेशात फैजपूर-यावल परिसरातील बागायती गावांत, तसेच सातपुड्यातील तडवी, भिल्ल व पावरा वस्त्यांत विसाव्या शतकात दीर्घकाळ बहुतेक बाळंतपणे घरीच होत.

नाळ कापणे, वार पुरणे, बाळबाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणे व बाजेखाली ओव्याची धुरी देणे ही सुईणीची कामे होत. मोबदला धान्य, लुगडे वा चोळीच्या रूपाने मिळे. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी हे काम अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रिया करीत. रक्त व वार यांचा विटाळ मानीत. त्यामुळे जिच्या हाती घरातील मूल जन्मे, तिलाच सोयर फिटल्यावर त्या घरात मज्जाव असे.

पाचव्या वा सहाव्या रात्री सटवाई बाळाचे भविष्य लिहिते, अशी समजूत आहे. तिच्या पूजेत कोरा कागद व लेखणी ठेवून ती रात्र जागवितात. नाव बाराव्या दिवशी ठेवतात. पश्चिम आफ्रिकेतील अकान लोकांतही मूल आठव्या दिवसापर्यंत घराबाहेर आणीत नसत. त्यानंतरच त्याला नाव मिळे. पहिल्या आठवड्याची ही धास्ती निराधार नव्हती. विळ्याने कापलेल्या नाळेला राख वा शेण लावल्यास धनुर्वाताचे जंतू शिरत. लक्षणे बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांत दिसत आणि मृत्यूचा दोष सटवाईच्या कोपाला दिला जाई.

दायांच्या प्रशिक्षणासाठी १९०३ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड स्थापन झाला. १९७७ च्या ग्रामीण आरोग्य योजनेने हे प्रशिक्षण खेड्यांपर्यंत नेले. निर्जंतुक पाते, स्वच्छ दोरा व गर्भवतीला धनुर्वाताची लस यांमुळे अर्भकमृत्यू घटले. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. जननी सुरक्षा योजनेने (२००५) रुग्णालयातील प्रसूतीस चालना दिली. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात असे प्रमाण ९४·७ टक्के होते.

सुईणीचा व्यवसाय त्यामुळे मावळला. तथापि प्रसूतिसमयी ओळखीच्या स्त्रीची सोबत आणि उकिडवे बसण्याची मुभा या तिच्या पद्धतींशी जुळणाऱ्या शिफारशी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये केल्या. तिचे पाते सदोष होते. तिची सोबत मात्र उपयुक्त होती.