वेताळ, मोर आणि बोरीकरांची पोथी

रहस्यमय व्हिडिओ गेम रचणाऱ्याला एकाच खेळाडूच्या दोन ओढी सांभाळाव्या लागतात. पुढे काय झालं ते त्याला ऐकायचं असतं आणि उलगडाही स्वतःच करायचा असतो. कोडं अडलं की गोष्ट थंडावते. गोष्ट सुसाट निघाली की खेळणारा नुसता बघ्या उरतो. रोबर्टा आणि केन विल्यम्स यांनी 1980 साली ‘मिस्टरी हाउस’ काढला, तिथून या पेचाचा इतिहास सांगायची रीत आहे. मला तो गोदावरीकाठी, पैठणापासून सुरू झालेला दिसतो.

सोमदेवाने कथासरित्सागर लिहिला काश्मिरात, अकराव्या शतकात. पण त्यातल्या वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हा गोदातीरीच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. खांद्यावरच्या प्रेतातला वेताळ त्याला गोष्ट सांगतो आणि शेवटी प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोकं फुटेल. बोललास तर मी परत झाडावर. एका गोष्टीत मंदारवती मरते. तिला मागणी घातलेल्या तिघांपैकी एक तिच्या राखेवर झोपतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा मंत्र मिळवून तिला जिवंत करतो. मग ती बायको कुणाची? राजा म्हणतो, जीव देणारा बाप झाला, अस्थी नेणारा मुलगा, राखेला बिलगून राहिला तोच नवरा. आता यातला एकच तपशील बदलून पाहा. राखेवर झोपणारा घरी निघून गेला असता तर सगळं उत्तर कोसळलं असतं. कोडं गोष्टीच्या पोटातून आलेलं आहे, म्हणून गोष्ट मन लावून ऐकणं हीच ते सोडवण्याची रीत. आणि शेवटच्या प्रश्नाला राजा खरोखरच निरुत्तर होतो, तेव्हा वेताळ प्रसन्न होऊन त्याला प्रेत आणायला पाठवणाऱ्या भिक्षूचा कट सांगतो. कोडं सुटत नाही आणि गोष्ट उघडते! इतकी धीट रचना आजच्या गेममध्येही क्वचितच दिसते.

दुसरी वाट भास्कराचार्यांची. 1150 च्या सुमाराच्या ‘लीलावती’त नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे, खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे, आणि साप खांबाच्या तिप्पट अंतरावरून बिळाकडे निघाला आहे. दोघांचा वेग सारखा. मोर त्याला बिळापासून किती हातांवर गाठेल? बारा. चित्र देखणं आहे, गणित शिकणाऱ्याला ते जन्मभर आठवतं. पण मोराच्या जागी घार बसवा, सापाच्या जागी उंदीर. उत्तर बाराच राहतं. इथे गोष्ट हे कोड्याचं वस्त्र आहे. गणिताला ते शोभतं, रहस्याला नाही.

गेमवाल्यांनी बराच काळ हीच दुसरी वाट धरली. 1993 च्या ‘द सेव्हन्थ गेस्ट’मध्ये झपाटलेल्या वाड्यात एकेक कोडं सोडवायचं आणि बक्षीस म्हणून गोष्टीचा तुकडा बघायचा. 1999 च्या ‘गेब्रिएल नाइट 3’ने तर कळस केला. मोटरसायकल भाड्याने मिळावी म्हणून नायक मांजराच्या केसांची मिशी लावून दुसऱ्याचं सोंग घेतो, आणि ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मिशीच नाही! म्हणून त्याच्या पासपोर्टवरही मिशी काढायची. गंभीर रहस्यकथेतला शहाणा माणूस असं करणार नाही, हे खेळणाऱ्याला कळतं आणि तिथेच त्याचा गोष्टीवरचा विश्वास उडतो.

ल्यूकस पोपचा 2018 मधला ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ मात्र वेताळाच्या वाटेने जातो. रिकाम्या परतलेल्या जहाजावरच्या 60 जणांचं काय झालं ते ठरवायचं, तेही बोलण्याची ढब, कपडे, झोपण्याच्या झोळीवरचा आकडा यांवरून. साधारणपणे तीन जणांचं उत्तर बरोबर आलं तरच गेम ते मान्य करतो, म्हणजे नुसते खडे मारून भागत नाही. याची किंमतही आहे: त्या माणसांच्या मनात शिरायला फारशी जागा उरत नाही. मला तरी ती किंमत परवडते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी’मध्ये (2020) चित्राचे तुकडे फिरवून जुळवले की भावाबहिणीच्या आठवणी दिसतात. तो मारामारीचा गेम, कोडी त्यात विसाव्यापुरती. आपल्याकडचा पुरता रहस्याचा गेम करायचा तर त्याचं बीज परभणी जिल्ह्यातच आहे. भास्करभट्ट बोरीकर हे इथल्या बोरीचे. त्यांचं ‘शिशुपालवध’ चौदाव्या शतकाच्या आरंभीचं. बोरीकरांच्या महानुभाव पंथाने आपलं वाङ्मय सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केलं, आणि इतिहासाचार्य राजवाड्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यातल्या सकळ लिपीचा उलगडा करेपर्यंत ते बाहेरच्या वाचकाला वाचता येत नव्हतं.

वरवर पाहता हे गोष्टीला बाहेरून लावलेलं कुलूप आहे. पण अक्षराच्या जागी दुसरी खूण ठेवणारी लिपी फोडायची वाट गोष्टीतूनही जाते. ‘शिशुपालवध’ हे कृष्णाचं काव्य आहे, तर कृष्णाचं नाव पुन्हा पुन्हा येणार. ते ओळखलं की दोन अक्षरं हाती लागतात, त्या अक्षरांनी शेजारचा शब्द अर्धा वाचता येतो, तो शब्द प्रसंग सुचवतो आणि प्रसंग पुढचं अक्षर देतो. गेमच्या पडद्यावर अशी एक ओवी ठेवावी. ज्याला कथा ठाऊक आहे त्याला लिपी लवकर सुटेल, आणि ज्याला लिपी सुटत जाईल त्याला कथा कळत जाईल.